गुऱ्हाळाची शिट्टी

हिवरवाडी रोडला माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा मी असिस्टंट स्टेशन मास्तर झालो असं सांगलीत जवळजवळ सगळ्यांना सांगून निघालो होतो. स्टेशन पाहिल्यावर वाटलं, थोड्या कमी लोकांना सांगितलं असतं तरी चाललं असतं. कोरेगाव मागे टाकून गाडी कराडकडे निघाली की मधे कुठेतरी हे स्टेशन लागायचं. नावातल्या 'रोड'चा अर्थ एवढाच, की गाव इथे नाही, रस्त्याने चालत गेलात तर सापडेल. एक फलाट, एक कडुलिंब, एक पाण्याची टाकी, कायम कुलूप घातलेली एक वेटिंग रूम आणि जगदाळेमास्तर, एवढाच काय तो ऐवज होता.

मास्तर उंच, वाळलेले आणि भर मे महिन्यात कोटाची सगळी बटणं लावणारे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं स्वागत केलं ते असं. त्यांनी दप्तराचं कपाट उघडलं, बंद केलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "बघितलंस ना?"

मला वाटलं कपाटात काही बघायचं होतं आणि ते माझ्या नजरेतून सुटलं. मी तसं म्हणालो. मास्तरांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. कपाटात काही नव्हतं. मी बघायचं होतं ते कुलूप. उद्या ते उघडं सापडलं आणि कुणी विचारलं, तर मास्तरांनी लावलं होतं हे बघणारा एक माणूस असावा, म्हणून माझी नेमणूक. सरकारने मला गाड्या चालवायला पाठवलं होतं असा माझा समज होता. तो त्या दिवशी दूर झाला.

पुढे पुढे या 'बघितलंस ना'ची मला सवय झाली. सिग्नल पाडला, बघितलंस ना. कंदील पुसला, बघितलंस ना. एकदा ते शिंकले आणि माझ्याकडे वळले, तेव्हा मी आपणहून म्हणालो, "बघितलं." त्यांना त्यात काही चेष्टेचं वाटलं नाही. उलट पोरगं तयार होतंय असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

वेटिंग रूमच्या कुलपाचंही असंच होतं. मी एकदा विचारलं, की उन्हातान्हात बाया-पोरं फलाटावर बसतात, तर खोली उघडायला काय हरकत आहे. मास्तर म्हणाले, "आत बाकडी हायती. बाकड्यावरनं एखादा पडला तर?" फलाटावरून पडला तर, असं मी विचारलं. तेव्हा ते शांतपणे म्हणाले की फलाट इंजिनिअरिंग खात्याचा आहे, बाकडी आपल्या ताब्यात आहेत.

हे सगळं कशासाठी, तर चौकशीसाठी. कुठली चौकशी, असं विचारायचं नाही. होईल ती. मास्तर उभं आयुष्य एका चौकशीच्या तयारीत जगत होते, आणि ती अजून लागलेली नव्हती.

इथे थोडं समजावून सांगितलं पाहिजे. रेल्वेचा मोठा अपघात झाला की त्याची चौकशी रेल्वेचा माणूस करत नाही. आपल्याच घरातल्या चोरीचा पंचनामा आपणच करू नये, एवढं सरकारलाही कळतं. त्यासाठी केंद्र सरकारचं एक वेगळं खातं आहे आणि ते विमानांचा कारभार बघणाऱ्या मंत्रालयाच्या हाताखाली ठेवलेलं आहे. जमिनीवरून चालणाऱ्यांवर नजर ठेवायची तर ती वरूनच ठेवावी, असा काहीतरी विचार असावा. या खात्याचे साहेब कुणाचे मिंधे नसतात. ते पेपरात नोटीस देतात, की ज्याला काही ठाऊक असेल त्याने येऊन सांगावं. मास्तर म्हणायचे, बाकीचे साहेब सांभाळता येतात, या साहेबांना फक्त उत्तर देता येतं.

तरुणपणी मास्तरांनी अशी एक चौकशी पाहिली होती. लांबच्या कुठल्याशा स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारा एक पॉइंट्समन होता, भला माणूस. त्याला विचारलं, सांधा कुणी बदलला. तो म्हणाला, मी. इथे थांबला असता तर वाचला असता. पण त्याने वर सांगितलं, की मला आदल्या रात्री ताप होता. ताप होता तर कामावर का आलास, इथून प्रश्न सुरू झाले ते त्याची नोकरी जाऊन थांबले. दुसऱ्या कुणी ही गोष्ट तापाची म्हणून सांगितली असती, मास्तर ती वाक्याची म्हणून सांगायचे. एक वाक्य जास्त बोलला आणि बुडाला. तेव्हापासून त्यांनी आपल्या धर्माचं एकच सूत्र ठेवलं होतं, "विचारलं तेवढंच."

या विद्येची ते शिकवणीही घेत. आजूबाजूच्या स्टेशनांवर कुणाला साक्षीला बोलावलं, की तो माणूस आदल्या आठवड्यात वांगी नाहीतर हरभऱ्याचे ढाळे घेऊन हिवरवाडी रोडला उतरायचा. मास्तर त्याला कडुलिंबाखाली बसवायचे आणि स्वतः साहेब व्हायचे. साहेब झाल्यावर ते शुद्ध पुस्तकी बोलायचे. "आपण त्या वेळी काय पाहिलेत?" समोरचा लांबण लावायला लागला की मास्तर साहेबाच्या खुर्चीतून उतरून आपल्या बोलीत ओरडायचे, "आरं गड्या, त्यानं काय विचारलं? दिवा दिसला का? मग दिसला म्हन न्हाईतर न्हाई म्हन. दिव्याची कळा कशाला सांगतोस?" आठवत नाही हे उत्तर त्यांना फार प्रिय होतं. ते खोटं ठरवता येत नाही, असं ते म्हणत.

एकदा आमच्याच सायडिंगला गुळाने भरलेली वाघीण, म्हणजे मालाचा डबा, रुळावरून घसरली. एवढ्याशा अपघाताला ते चौकशीचे साहेब येत नाहीत, खात्यातल्या खात्यात भागवतात. तीन खात्यांचे तीन इन्स्पेक्टर आले. रुळाचा इन्स्पेक्टर म्हणाला चाक खराब, चाकाचा म्हणाला रूळ वाकडा, वाहतुकीचा म्हणाला दोन्ही खराब असताना गाडी सुरक्षित कशी चालवायची. मग तिघांनी मिळून एक संयुक्त टिपण केलं आणि त्यात सगळ्यांचं एकमत झालं. दोष सायडिंगवर पडेल ते काम करणाऱ्या खलाशाचा निघाला, कारण तो एकटाच तिथे सहीसाठी नव्हता. मास्तरांनी ते टिपण मला दोनदा वाचून दाखवलं, एखाद्याने चांगली चीज ऐकवावी तसं. मला त्या दिवशी त्यांचा खरोखर राग आला. खलाशाचा पगार कमी झाला आणि हा माणूस वाक्यरचनेला दाद देत होता.

घरीही त्यांचं हेच चाले. आमटी खारट झाली की ते मास्तरीणबाईंना रागवायचे नाहीत. मीठ कुणी घातलं, केव्हा घातलं, आणि घातल्यावर चव कुणी घेतली, असं क्रमाने विचारायचे. मास्तरीणबाई तेवढ्याच शांतपणे सांगायच्या, "आठवत न्हाई." विद्या घरात मुरली होती. त्यांचा धाकटा भाऊ पलटणीत होता आणि लढाईत बहादुरी केली म्हणून त्याला बिल्ला मिळाला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा सगळं गाव त्याला मिरवत होतं. मास्तरांनी त्याला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, की पुढं जा म्हणून हुकूम लेखी होता का तोंडी.

आता फाटकाची गोष्ट.

स्टेशनच्या अलीकडे, कोरेगावच्या बाजूला, उसाच्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक होतं आणि त्याच्याही अलीकडे लाइनीला लागून एक गुऱ्हाळ. हंगामात सकाळची पॅसेंजर या गुऱ्हाळाशी थांबायची. कोळशाचं इंजिन, फायरमनचा घसा सुकलेला, म्हणून आधी त्याच्यापुरती थांबायची. मग ड्रायव्हर, मग गार्ड, मग ओळखीचे प्रवासी उतरायला लागले. कुणी रस प्यायचं, कुणी किटलीत काकवी भरून घ्यायचं, परमुलखात सोनं-चांदी गाळणारा विट्याचा एक गलाईवाला सुट्टीवर आला की सगळ्या डब्याला रस पाजायचा. मग ड्रायव्हर लांबलचक शिट्टी द्यायचा, उतरलेले चढायचे आणि गाडी निघायची. हा थांबा वेळापत्रकात नव्हता. वेळापत्रक सोडून बाकी सगळ्यांना तो ठाऊक होता. तपासणीला येणारे रेल्वेचे साहेब लोकही तिथे उतरायचे आणि गुळाची ढेप डब्यात ठेवून गाडी वक्तशीर चालत नाही अशी नोंद करायचे.

फाटकावर बाळू कांबळे होता. बुटका, हसरा, पायाला चाकं लावल्यासारखा. त्याच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आणि फोटोखाली खुंटीला त्याच्या दोन मुलींची दप्तरं. मुली कोरेगावच्या शाळेत जायच्या, आणि थोरली शाळामास्तरीण होणार हे बाळूने फाटकातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला सांगितलेलं होतं.

नियम असा, की मागच्या स्टेशनहून गाडी सुटली की मास्तरांनी फाटकावर फोन करायचा, एक खुणेचा नंबर द्यायचा, बाळूने उलट आपला नंबर द्यायचा आणि लगेच फाटक लावायचं. पण गाडी गुऱ्हाळाशी रस पीत उभी, आणि इकडे फाटकाशी उसाच्या बैलगाड्यांची रांग मलकापूरच्या बाजारासारखी लांबलेली. बैल ओझ्याखाली वाकलेले, गाडीवान बाळूच्या सात पिढ्या काढणारे. एकाने एकदा आसूड उगारला. तेव्हा मास्तरांनी बाळूला सांगून टाकलं, की फोन आला की हो म्हण, फाटक मात्र गुऱ्हाळाची शिट्टी ऐकून लाव. हे मी यायच्या आधीचं. सगळ्या स्टेशनला ते माहीत होतं. पण मास्तरांच्या नोकरीतला हा एकच हुकूम असा असेल, की जो देताना त्यांनी कुणालाही 'बघितलंस ना' विचारलं नाही.

अशी वर्षं गेली. गाडी रोज उशिरा यायची, त्यामुळे कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

मग कळलं की त्या वेगळ्या खात्याचे साहेब लाइनीच्या तपासणीवर येताहेत, त्यांचा डबा सकाळच्या पॅसेंजरला जोडलेला असणार. मास्तरांना झोप लागेना. अपघात झालेला नसताना हे साहेब येताहेत म्हणजे अंगणात यमाने उगाच चहाला यावं तसं त्यांना झालं. फलाटाच्या कडेचे दगड चुन्याने रंगले, आगीच्या बादल्यांतली जुनी वाळू ओतून नवी वाळू भरली, वेटिंग रूम उघडली तेव्हा आत दोन पिढ्यांची कबुतरं होती. फाटकाला रंग द्यायला रुळाचे इन्स्पेक्टर पहाटे स्वतः उभे राहिले आणि गाडीच्या आधी फलाटावर परतले. गाडी त्या दिवशी गुऱ्हाळाशी थांबणार नाही हे उघड होतं. ड्रायव्हरला माहीत, गार्डला माहीत, गुऱ्हाळवाल्याने तर त्या वेळी चरकही बंद ठेवला होता.

फक्त बाळूला कुणी सांगितलं नाही. सांगणार कसं? गाडी आज गुऱ्हाळाशी थांबणार नाही असं म्हणायचं तर ती रोज थांबते असं म्हटल्यासारखं होतं. आणि ते म्हणायला त्या दिवशी कुणाचंच तोंड मोकळं नव्हतं. जो तो इन्स्पेक्टरच्या शेजारी उभा होता.

माझी रात्रपाळी संपली होती, पण गंमत बघायला मी थांबलो होतो. मागच्या स्टेशनचा निरोप आला. मास्तरांनी फाटकाचा फोन फिरवला. वाहतुकीचे इन्स्पेक्टर त्यांच्या खांद्याशी उभे होते. मास्तर म्हणाले, गाडी सुटली, फाटक लाव. नंबर दिला, नंबर घेतला. मग ते रिसीव्हर कानाला धरून नुसतेच उभे राहिले, काहीतरी बोलायचं राहिल्यासारखे. इन्स्पेक्टर म्हणाले, "काय झालं?" मास्तर म्हणाले, काही नाही, आणि त्यांनी फोन ठेवला.

गाडी वेळेवर आली. हिवरवाडी रोडच्या इतिहासात असं क्वचित घडलं असेल. ती वेळेवर आली आणि उघड्या फाटकात उसाच्या गाडीवर आदळली. एक बैल जागीच गेला. आनंदा नावाचा गाडीवान उडी मारताना बैलगाडीच्या चाकाखाली सापडला आणि त्याची मांडी मोडली. इंजिनाची पुढची चाकं रुळांवरून खाली उतरली. आम्ही पळत गेलो तेव्हा बाळू आनंदाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता, गुऱ्हाळाची शिट्टी न्हाई झाली, शिट्टी न्हाई झाली. शेवटच्या डब्यातून साहेब उतरले. अपघाताची चौकशी करणारा माणूस अपघातासकट आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

आनंदाला सातारच्या दवाखान्यात पोचवलं, गावकऱ्यांना नोटीस गेली, आणि चौकशी आमच्याच वेटिंग रूममध्ये बसेल असं ठरलं. मधल्या दिवसांत कडुलिंबाखाली शिकवणी लागली. ड्रायव्हर आला, गार्ड आला, तिन्ही इन्स्पेक्टर आडून आडून विचारून गेले. गुऱ्हाळाचं नाव कुणी घ्यायचं नाही हे न ठरवताच ठरलं. गाडी वेळेवर, शिट्टी नियमाप्रमाणे, फोन वेळेवर, नंबर बरोबर. मग राहिलं कोण? बाळू. त्यालाही मास्तरांनी बसवलं आणि पढवलं. फाटक का लावलं नाहीस असं विचारलं तर आठवत नाही म्हणायचं. नजरचुकीला शिक्षा कमी होते, असं त्याला सांगितलं. बाळू मान डोलवत होता. नोकरी गेली तर ती खोली जाणार, खोली गेली तर कोरेगावची शाळा जाणार, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

त्याची बायको हौसा बाजूला उभी राहून सगळं ऐकत होती. शिकवणी संपली तशी ती पुढे आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मास्तर, तुमी शिकवलंय तसं ह्यो आठवत न्हाई म्हनंल. पर तुमाला तरी आठवतंय न्हवं?"

मास्तर उठले आणि स्टेशनात जाऊन कपाटाला कुलूप लावून ओढून पाहू लागले. मी समोर होतो, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

चौकशीच्या दिवशी वेटिंग रूम भरली. नोटीस वाचून गावातून माणसं आली होती. एका म्हातारीने साहेबांना सांगितलं की अपघाताचं तिला काही ठाऊक नाही, पण तिच्या विहिरीचं पाणी लाइन पडल्यापासून आटलं आहे. एकाने मागणी केली की मेल गाडी इथे थांबवावी. साहेबांनी दोघांचंही शांतपणे लिहून घेतलं. ते दक्षिणेकडचे, पण पुण्याला वर्षानुवर्षं काढलेले. मराठी सावकाश आणि नीट बोलत. त्यांनी पहिली साक्ष स्वतःची नोंदवली. साक्षीदाराच्या खुर्चीत जाऊन बसले, आपण गाडीत होतो, काय जाणवलं ते सांगितलं आणि रेल्वेच्या अधिकाऱ्यांना म्हणाले, मला प्रश्न विचारा. कुणाची छाती झाली नाही. मग ते उठून पुन्हा आपल्या खुर्चीत बसले.

ड्रायव्हर बोलला, गार्ड बोलला, इन्स्पेक्टर बोलले. सगळे विचारलं तेवढंच बोलले. मास्तरांचे विद्यार्थी एकापाठोपाठ एक पहिल्या वर्गात पास होत होते. मग बाळू उभा राहिला. टोपी हातात. साहेबांनी विचारलं, फोन आला होता? आला व्हता. नंबर दिला होतास? दिला व्हता. मग फाटक का लावलं नाही?

बाळूने मास्तरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आठवत न्हाई साहेब."

साहेबांचं पेन कागदावर टेकलं होतं ते तसंच राहिलं. मग मास्तरांचं नाव पुकारलं.

मास्तरांची साक्ष म्हणजे कारागिरी होती. गाडी सुटल्याचा निरोप मिळाला? मिळाला. फाटकावर कळवलं? कळवलं. फाटकवाल्याने हो म्हटलं? म्हटलं. साक्षीदार? वाहतुकीचे इन्स्पेक्टर शेजारी उभे होते. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. साहेब म्हणाले, ठीक आहे, जाऊ शकता. मास्तर उठले, दाराशी गेले. दाराबाहेर हौसा दोन्ही मुलींना घेऊन पायरीवर बसली होती. मास्तर तिथे थांबले, मग वळले आणि न बोलावता परत येऊन खुर्चीत बसले.

"साहेब, विचारलं नाही, पण सांगतो," ते म्हणाले.

आणि सांगितलं. गुऱ्हाळ, रस, काकवी, शिट्टी, गाडीवानाचा आसूड, आणि शिट्टी ऐकून फाटक लाव हा आपला तोंडी हुकूम. आज गाडी थांबणार नाही हे फोनवर सांगायचं जिभेवर आलं होतं, पण शेजारी इन्स्पेक्टर उभे होते म्हणून बोललो नाही, हेही सांगितलं. ड्रायव्हरने डोळे मिटून घेतले. ज्यांनी ढेपा नेल्या होत्या ते अधिकारी छताकडे, कबुतरांच्या जागेकडे पाहू लागले. साहेबांनी बाळूला पुन्हा बोलावून विचारलं, की मोठे साहेब गाडीत आहेत हे ठाऊक असताना गाडी थांबणार नाही असं तुला वाटलं नाही का.

बाळूला आता आठवत होतं. "मोठं साहेब हायती म्हंजी गाडी जास्तच थांबंल असं वाटलं, साहेब. मोठं साहेब असलं की रोजच्यापरीस लय वेळ थांबती."

वेटिंग रूममध्ये कुणी हसलं नाही. हे साहेब रेल्वेचे नाहीत, वेगळ्या खात्याचे आहेत आणि रस पीत नाहीत, हा फरक फाटकावरच्या माणसाला कुणी कधी समजावलाच नव्हता. सगळ्या हकिकतीत खरं कारण एवढंच होतं.

साहेबांनी चष्मा काढला. मास्तरांना म्हणाले, "हे सांगितल्याचा परिणाम काय होईल, तुम्हाला कल्पना आहे?"

"आयुष्यभर तेवढाच अभ्यास केलाय, साहेब," मास्तर म्हणाले.

बाहेर येऊन ते कडुलिंबाखाली बसले आणि कोटाचं वरचं बटण त्यांनी सोडलं. मला त्या क्षणी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण त्यांनी त्याचंही कारण विचारलं असतं.

पुढे सगळं नियमाप्रमाणे झालं. साहेबांच्या अहवालात दोष मास्तरांचा पहिला, ड्रायव्हर-गार्डचा त्याखालोखाल आणि बाळूला नुसती ताकीद. अहवालात असंही होतं म्हणतात, की गाडी नियमबाह्य थांबते हे वरिष्ठांना माहीत असायला हवं होतं. या वाक्यावर वरिष्ठांनी विचार सुरू केला, तो अजून चालू असावा. मास्तरांना खालच्या जागेवर उतरवून मिरजेला यार्डात घातलं. त्यांच्यावरचं आरोपपत्र ज्या इन्स्पेक्टरांनी लिहिलं त्यांची रसाची आवड मला स्वतःला ठाऊक होती. नोकरीला डाग लागू नये म्हणून जो माणूस शिंकतानासुद्धा साक्षीदार ठेवत होता, तो निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली असताना स्वतःच्या तोंडाने बुडाला. गुऱ्हाळवाल्यानेही तक्रार केली, की धंद्याला खोट आली.

माझी बदली होत होत मीही मिरजेला गेलो, तोवर मास्तर निवृत्त होऊन हिवरवाडीजवळच्या आपल्या गावी राहायला गेले होते. एका हिवाळ्यात कामासाठी पुण्याला निघालो होतो. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती. हिवरवाडी रोड सोडलं, वेग अजून धरला नव्हता, म्हणून मी दारात उभा राहिलो. फाटक लावलेलं होतं. केव्हापासून लावलं असावं ते पलीकडच्या रांगेवरून कळत होतं. उसाच्या गाड्या नजर पोचेल तिथपर्यंत उभ्या, गाडीवान बाळूला शिव्या देताहेत, एक जण फाटकाच्या दांड्याला हात घालून हलवतोय. आणि दांड्याच्या आतल्या बाजूला, बाळूच्या खांद्याला खांदा लावून, कोटाची सगळी बटणं लावलेले जगदाळेमास्तर उभे होते. सगळ्यांच्या शिव्या ते अगदी शांतपणे खात होते. बाजूला सायकल लावलेली दिसली, म्हणजे एवढ्यासाठीच घरून आलेले असणार.

गाडी त्यांच्यासमोरून निघाली तेव्हा त्यांनी मला ओळखलं. चेहरा हलला नाही. त्यांनी हात लांब करून बंद फाटकाकडे बोट दाखवलं आणि मग माझ्याकडे पाहून काहीतरी विचारलं. चाकांच्या आवाजात शब्द ऐकू आले नाहीत, पण त्यांची गरज नव्हती.

मी दारातून बाहेर वाकून ओरडलो, "बघितलं, मास्तर."